पाटल्या गहाण ठेवण्याआधी

काल सुदामा नगरात एका ओळखीच्या घरी पेढे खायला गेले होते. मुलाला बारावीत ९१ टक्के, जेईईचा रँकही चांगला. आई पाणी घेऊन आली, तेवढ्यात वडील म्हणाले, "सोमवारी एफडी मोडतोय. पहिल्या वर्षाची फी भरायची ना." मी विचारलं, "मेधावीचा फॉर्म भरलात?" तर म्हणाले, "ताई, ते आपल्यासाठी नसतं हो."

पेढा हातातच राहिला. मेधावी म्हणजे हुशार मुलांची कॉलेजची फी भरणारी मध्य प्रदेश सरकारची योजना. हेच वाक्य तीन वर्षांपूर्वी आमच्या घरात बोललं गेलं होतं आणि ते आम्हाला फार महागात पडलं. म्हणून आज सविस्तर लिहितेय. इंदूरच्या आपल्या मराठी घरांसाठी, त्यातही ज्यांची मुलं आत्ता अकरावीत आहेत त्यांच्यासाठी खास.

लेकीला सीबीएसईत ८८ टक्के होते, जेईई मेनचा रँक लाखाच्या थोडा पुढे. इथल्याच एका खासगी कॉलेजात इंजिनीअरिंगला नंबर लागला. फी भरायला आठ दिवसांची मुदत. आमच्या ह्यांनी एफडी मोडली, तरी कमी पडले, तेव्हा सासूबाईंनी कपाटातून रुमालात बांधलेल्या पाटल्या काढून माझ्यासमोर ठेवल्या. काही बोलल्या नाहीत. त्या पाटल्यांवर आम्ही सोनेतारण कर्ज काढलं. मग संक्रांतीच्या हळदीकुंकवाला लोकमान्य नगरात एकीनं सहज सांगितलं, "आमच्या मुलाची फी तर सरकारच भरतं." मी वाण हातात घेऊन तिथेच तिला सगळं विचारत बसले. घरी येऊन बघितलं, तर त्या वर्षीची अर्जाची तारीख कधीच निघून गेली होती.

मुख्यमंत्री मेधावी विद्यार्थी योजना २०१७ पासून आहे. मुलगा किंवा मुलगी मध्य प्रदेशची मूल निवासी, म्हणजे इथली कायमची रहिवासी, हवी, एमपी बोर्डात ७० टक्के किंवा सीबीएसई-आयसीएसईत ८५ टक्के हवेत आणि घरचं उत्पन्न ठरलेल्या मर्यादेत हवं. इंजिनीअरिंगला जेईई मेनचा रँक दीड लाखाच्या आत लागतो. सरकारी कॉलेज असेल तर फी शासन भरतं. खासगी असेल तर वर्षाला दीड लाख किंवा प्रत्यक्ष फी, यातली जी कमी असेल ती. यात जातीची अट नाही. "ते आपल्यासाठी नसतं" म्हणणाऱ्या किती जणांनी नियम उघडून वाचलेत? आम्ही तरी वाचले नव्हते.

आपल्या लोकांत अजून एक गोष्ट आहे, ती बोलून टाकते. सरकारी मदतीसाठी रांगेत उभं राहायची लाज वाटते. कोचिंगला भंवरकुआंत लाखभर रुपये मोजताना नाही वाटत, नातेवाइकांकडे हात पसरताना नाही वाटत, पण उत्पन्नाचा दाखला काढायला लोकसेवा केंद्रात जाताना वाटते. आपल्या इथून तासाभरावर महू आहे. तिथे जन्मलेले बाबासाहेब १९१३ साली बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर, महिना साडेअकरा पौंडांवर, कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले. सयाजीरावांनी दिली आणि त्यांनी हक्कानं घेतली. आपण भरलेल्या करातून आपल्याच मुलांसाठी ठेवलेला पैसा मागायला संकोच कशाचा?

मेधावी एकच नाही. बारावीत आपल्या बोर्डात, आपल्या शाखेत वरच्या २० टक्क्यांत असलेल्या आणि घरचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असलेल्या मुलांसाठी केंद्राची शिष्यवृत्ती आहे, पदवीच्या तीन वर्षांत वर्षाला १२,००० आणि पुढे पदव्युत्तरला २०,०००. ती नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर मिळते आणि निम्म्या जागा मुलींसाठी आहेत. बी.ए., बी.एससी. करणाऱ्या मुलांनाही ती लागू आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. तांत्रिक शिक्षण घेणाऱ्या मुलींसाठी एआयसीटीईची, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची, प्रगती शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ५०,०००, उत्पन्नाची मर्यादा आठ लाख, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत. मात्र एक लक्षात ठेवा. बऱ्याच योजनांत एक घेतली की दुसरी मिळत नाही. कुठली आपल्याला जास्त फायद्याची, हे फॉर्म भरण्याआधी घरी बसून ठरवायचं.

आता कागद. आम्ही खरे अडकलो ते इथे.

इथली पद्धत नाव आणि आडनाव. आपली पद्धत नाव, वडिलांचं नाव, आडनाव. लेकीच्या मार्कशीटवर एक, आधारवर दुसरं, समग्र आयडीत, म्हणजे मध्य प्रदेश सरकारच्या रहिवासी ओळख क्रमांकात, तिसरंच. कियोस्कवरचा मुलगा म्हणाला, "आंटी, सिस्टम इसको तीन लड़कियाँ समझ रहा है." माझी गंमत तर याहून अवघड. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहिलेलं नाव माझ्या आधारवर आहे आणि लेकीच्या मार्कशीटवर आईचं नाव म्हणून माहेरचं, कारण शाळेत घालताना माझ्या वडिलांनी फॉर्म भरला होता. दोन्ही नावं माझीच, हे सिद्ध करायला प्रतिज्ञापत्र, लग्नाचा दाखला आणि पाच खेपा लागल्या. आपल्या कितीतरी घरांत बायकांची नावं अशी बदललेली आहेत. दहावीचा बोर्डाचा फॉर्म भरला जाईल तेव्हाच आईचं नाव आधारप्रमाणे घाला.

दुसरं, बँकेचं खातं. आधार खात्याला "लिंक आहे" असं बँकवाले म्हणतात, पण शिष्यवृत्तीचा पैसा थेट खात्यात यायला ते खातं आधारशी सीड केलेलं लागतं, म्हणजे आधारवरून येणारा सरकारी पैसा याच खात्यात जमा करा अशी नोंद झालेली लागते. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुलाच्या नावाचं खातं, सीडिंगचा फॉर्म वेगळा भरून, आणि झालंय की नाही ते आधारच्या संकेतस्थळावर तपासून. मूल निवासी प्रमाणपत्र आणि उत्पन्नाचा दाखला निकालाच्या गर्दीआधी काढून ठेवा. निकालानंतर लोकसेवा केंद्रात उभं राहायला जागा नसते.

पुढच्या वर्षांसाठी आम्ही शैक्षणिक कर्ज काढलं. साडेतीन लाख. एका बँकेच्या शाखेत साहेबांनी पहिल्याच भेटीत विचारलं, "मकान की रजिस्ट्री लाए?" चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण मागायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. मला तेव्हा माहीत नव्हतं, मी परत आले. माझ्या भाचीनं ते शोधून काढलं आणि आम्ही विद्यालक्ष्मी पोर्टलवरून अर्ज केला. एकाच फॉर्मवर तीन बँकांकडे अर्ज जातो आणि कुठे अडकलाय ते दिसतं. त्याच शाखेत पुन्हा गेलो आणि मी एवढंच म्हटलं, "नाही म्हणायचं असेल तर लेखी द्या." दोन आठवड्यांत मंजूर झालं.

आता तर नोव्हेंबर २०२४ मध्ये पीएम विद्यालक्ष्मी योजना मंजूर झालीय. ठरवून दिलेल्या चांगल्या संस्थांत, सुरुवातीच्या यादीत ८६० होत्या, गुणवत्तेवर प्रवेश मिळाला तर तारण नाही आणि जामीनदारही नाही. घरचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल आणि दुसरी सरकारी शिष्यवृत्ती किंवा व्याजसवलत घेत नसाल, तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षण संपून वर्ष होईपर्यंत तीन टक्के व्याजाची सवलत. साडेचार लाखांच्या आतल्या घरांना तांत्रिक-व्यावसायिक शिक्षणासाठी त्या काळातलं पूर्ण व्याज माफ, ती योजना आधीपासूनच आहे. हिशेब करून बघा. चार लाखांवर नऊ टक्क्यांनी वर्षाला ३६,००० व्याज होतं. आपल्यासारख्या घरात ती दोन-अडीच महिन्यांची किराणा-बिलं आणि दूध आहे. मॅनेजमेंट कोट्यातून प्रवेश घेतला तर मात्र यातलं काही मिळत नाही. कोट्याची जागा विकणारे हे सांगत नाहीत.

फीबद्दलही एक. मध्य प्रदेशात खासगी व्यावसायिक कॉलेजांची फी प्रवेश व शुल्क नियामक समिती ठरवते. तो आकडा आणि कॉलेजनं हातात दिलेला कागद शेजारी ठेवून बघा. फरक दिसला तर विचारा.

माझी तक्रार सरकारकडेही आहे. पैसा ठेवलाय, पण माहिती चार पोर्टलांवर विखुरलेली, तारखा वेगवेगळ्या. अकरावीच्या वर्गात वर्षातून एक तास काढून प्राचार्यांनी हे सांगायला काय हरकत आहे? ज्या घरात इंटरनेट आणि भाची नाही, तिथल्या आईनं काय करायचं? मराठी मंडळांनाही माझी विनंती आहे. गणेशोत्सवात दहा दिवसांतली एक संध्याकाळ या कामाला द्या. दोन लॅपटॉप आणि एक प्रिंटर पुरे.

सुदामा नगरच्या त्या घरी मी काल रात्री साडेदहापर्यंत होते. एफडी अजून मोडलेली नाही. मुलाच्या मार्कशीटवर आणि आधारवर नाव एकच निघालं, समग्रमध्ये एक मात्रा चुकलीय, ती उद्या दुरुस्त होईल.

येत्या रविवारी चार वाजल्यापासून मी घरीच आहे. ज्यांना फॉर्म भरायचाय त्यांनी या. मार्कशीट, आधार, समग्र आणि पासबुक, सगळं मूळ आणा, झेरॉक्स इथे काढू. मुलांनाही सोबत आणा, ओटीपी त्यांच्याच फोनवर येतो.