सॉल्टएअरचं नाचघर कुठल्याही बुडालेल्या साम्राज्याचं नाही

एक रील सध्या ग्रुपाग्रुपावर फिरतंय. पाण्यात खांबांवर उभा घुमटवाला महाल, मागे भुताच्या सिरियलचं म्युझिक, आणि दावा असा की अमेरिकेत युटामधल्या ग्रेट सॉल्ट लेकच्या काठचं हे सॉल्टएअर १८९३ मध्ये बांधलं नाही तर 'सापडलं', म्हणजे 'टार्टारिया' नावाच्या हरवलेल्या साम्राज्याचं ते, घोडागाडीच्या जमान्यात वाळवंटात असलं काही बांधणार कोण, आणि पुरावा मिटवायला नंतर पेटवून दिलं.

आता घोडागाडीचंच बघू. अमेरिकेच्या पूर्व-पश्चिम रेल्वेचे रूळ १८६९ मध्ये जोडले गेले ते युटातच. सॉल्टएअर उभं राहिलं तेव्हा त्याला चोवीस वर्षं झाली होती, मग लाकूड काय बैलगाडीतून आणत होते का? मुळात सॉल्टएअर काढलं ते मॉर्मन चर्च (युटात जोर असलेला एक ख्रिस्ती पंथ) आणि एका रेल्वे कंपनीने मिळून, शहरातून गाडीत बसवून लोकांना तळ्यावर न्यायचं, पोहायला, नाचायला.

बांधलं कोणी, तर रिचर्ड क्लेटिंग, मूळचा जर्मनीचा आर्किटेक्ट. युटाच्या विधानभवनाचं डिझाइनही त्याचंच, ते आजही उभंय, जाऊन बघा.

घुमट आणि कमानी 'अमेरिकन वाटत नाहीत' हा पुढचा पुरावा. अहो, मौजमजेच्या जागेला पूर्वेकडचा थाट द्यायची तेव्हा फॅशनच होती, आणि त्याच्या कितीतरी आधी इंग्लंडात ब्रायटनला जॉन नॅशने राजासाठी आपल्याकडच्यासारखे घुमट उठवून ठेवले होते. तेही टार्टारियाचे का?

आणि हे बघा, सापडलेल्या अवशेषांवरून कोणी कुरबुर करत नाही. इथे केली. चर्चची नाचायला ना नव्हती, उलट पोरंपोरी आपल्या नजरेखाली नाचलेली बरी असाच हिशोब होता, पण रविवारी चालू का ठेवता, दारू तर सोडाच पण पंथात वर्ज्य असलेली चहा-कॉफी का विकता, म्हणून समाजातलेच लोक नावं ठेवायचे. शेवटी १९०६ मध्ये चर्चने ते विकून टाकलं.

आता आगीचं, कारण रीलचा सगळा जोर तिथेच. २२ एप्रिल १९२५ ला ते जळालं हे खरंय. लाकडी बांधकाम, भोवती एवढं पाणी असूनही वाचलं नाही. पण पुढचं रीलवाला सांगत नाही: त्याच जागी, तसंच घुमटवालं, आणखी मोठा डान्स फ्लोअर असलेलं दुसरं सॉल्टएअर परत बांधलं! पुरावा मिटवणारे तोच पुरावा परत कशाला उभा करतील? १९३१ मध्ये पुन्हा आग, पुन्हा दुरुस्ती. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवरचं ड्रीमलँडही १९११ मध्ये असंच खाक झालं होतं. लाकूड, रंग, विजेच्या तारा आणि गर्दी एकत्र आली की असल्या पार्कांचं हेच व्हायचं.

बरं, धंदा बसवला तो आगीपेक्षा तळ्याने. १९३३ च्या सुमाराला पाणी मागे हटलं, नाचघर कोरड्यात, आणि पोहणाऱ्यांना पाण्यापर्यंत न्यायला छोटी ट्रेन चालवायची वेळ आली. त्यात मंदी, सिनेमा, रेडिओ, मग महायुद्धात बंद. युद्धानंतर परत उघडलं, पण १९५८ मध्ये कुलूपच लागलं. १९७० च्या नोव्हेंबरमध्ये रिकामी इमारत कोणीतरी पेटवली, आग सुरू झाली ती नेमकी डान्स फ्लोअरच्या मध्यावर. कोणीतरी आग लावली एवढं एकच रीलमध्ये बरोबर, पण तेव्हा ती बारा वर्षं ओसाड पडलेली आणि जेमतेम पंचेचाळीस वर्षांची इमारत होती, कुठल्या साम्राज्याची नव्हे.

आणि 'आजही उभा असलेला मूळ भाग' म्हणून जो शेवटचा शॉट दाखवलाय ना, ती इमारत १९८१ ची आहे. जुन्या जागेपासून थोडी पश्चिमेला, एअर फोर्सच्या जुन्या हँगरपासून केलेली, वर नवे घुमट बसवून. तीसुद्धा काही वर्षांतच तळ्याच्या पुरात सापडली होती. आता तिथे कॉन्सर्ट होतात, तिकीट काढलं की कोणीही आत जाऊ शकतं.