शाळा डिजिटल करायची आहे? आधी नारळ आणा

हिंजवडीत नोकरी, मार्च तोंडावर आलेला आणि सीएसआरचा, म्हणजे कंपनीने समाजकार्यावर खर्चायचा निधी पडून? मग लांब कशाला जाता! आपल्याच पुणे जिल्ह्यात वेल्हे-भोरकडे डोंगरात द्विशिक्षकी शाळा आहेत. शनिवारी सकाळी निघा, येताना पिठलं-भाकरीही होईल.

शाळेला काय हवंय, हे विचारायच्या भानगडीत मात्र पडू नका. मास्तर गळक्या छपराचं गाऱ्हाणं सुरू करतील, आणि छप्पर काही फोटोत उठून दिसत नाही. थेट डिजिटल बोर्डच न्या, चांगला ७५ इंची. आतले धडे सीबीएसईचे आणि शाळा राज्य मंडळाची निघाली तरी बिघडत नाही. फीत कापताना अभ्यासक्रम कोण बघतंय?

वीजबिल कोण भरणार, हे विचारणं तर अगदीच अशुभ. थकबाकीपायी मीटर काढून नेलं असेल, तर शेजारच्या घरातून तासाभरापुरती वायर ओढता येते. पावसाळ्यात तिकडे वीज दोन-दोन दिवस गायब असते म्हणतात. असेना! पावसाळ्यात उद्‌घाटन ठेवतंच कोण?

शिक्षकांना तंत्रज्ञान जमेल का, ही शंका सोडा. ते त्यातच बुडालेत. यू-डायस, सरल या शाळेच्या-मुलांच्या सरकारी नोंदी, पोषण आहाराचे आकडे, सगळं ऑनलाइन भरायचं. शाळेत रेंज नाही म्हणून एक गुरुजी मोबाइल उंचावत टेकाडावर, आणि खाली चारही वर्ग दुसऱ्यांच्या गळ्यात. (फळ्यावरची बेरीज निम्म्यात राहिलेली दिसेल. फोटोत येऊ देऊ नका.)

उरलेला अभ्यास मुलं घरी मोबाइलवर करतील, असं अहवालात बेलाशक लिहा. २०१७-१८च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण भारतातल्या जेमतेम १५ टक्के घरांत इंटरनेटची सोय होती आणि संगणक साधारण ४ टक्के घरांत. तरी २०२० मध्ये आपण अख्खी शाळा फोनवर नेलीच की! आता फोन घरोघरी आलाय. फक्त तो सकाळी बापाच्या खिशातून खेड-शिवापूरला कामाला जातो.

बोर्ड बंद पडला, तर दुरुस्तीवाला ‘एवढ्या आत येत नाही’ म्हणेल. मास्तरांना तो विकता येत नाही, टाकताही येत नाही. जडवस्तू नोंदवहीत चढलाय ना! निर्लेखन, म्हणजे नोंदवहीतून रीतसर नाव कमी, होईपर्यंत पोत्यात गुंडाळून राखायचा. तुम्ही निर्धास्त राहा, तोवर तुमचा अहवाल वर गेलेला असेल. ‘लाभार्थी विद्यार्थी’च्या रकान्यात पटसंख्या टाका. गेल्या वर्षी टॅबलेट वाटून गेलेल्यांनीही तीच टाकली होती.