‘ड्रोनला क्षेपणास्त्र बांधले की झाले’ या दाव्याविषयी

सांगली-वाळवा परिसरातील व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक मजकूर फिरतो आहे. उसावर फवारणी करतात तसल्या स्वस्त ड्रोनवर कमी पल्ल्याची क्षेपणास्त्रे बसवावीत. ती डागून ड्रोन परत येत असल्याने पुन्हा पुन्हा वापरता येतो. एका लढाऊ विमानाच्या किमतीत असे शेकडो ड्रोन होतील आणि शिवरायांच्या गनिमी काव्याने बलाढ्य शत्रूला रोखता येईल, असे त्यात म्हटले आहे. त्यामागची तळमळ खरी आहे, पण हिशेब चुकीचा आहे.

प्रथम वजन. आमच्या शिवारात फवारणीचा ड्रोन आला तेव्हा मी बांधावर उभा होतो. दहा लिटरची टाकी भरलेली असताना पंख्यांचा आवाज जड येत होता, टाकी रिती होत गेली तसा तो हलका झाला आणि थोड्याच फेऱ्यांत चालकाने बॅटरी बदलली. खांद्यावरून डागायचे स्टिंगर क्षेपणास्त्र साधारण १० किलोचे असते, म्हणजे ते उचलले जाईलही. परंतु नळी, कॅमेरा आणि दूर जाऊन परतण्याइतकी बॅटरी यांचा भार वेगळाच. मजकुरात युक्रेनचा दाखला आहे. ३१ डिसेंबर २०२४ रोजी आपण रशियन हेलिकॉप्टर पाडले असे युक्रेनने जाहीर केले खरे, पण ते क्षेपणास्त्र मानवरहित बोटीवर होते. सुमारे १०५ किलोचे ते आर-७३ क्षेपणास्त्र पाण्यावर तरंगणारी बोट सहज पेलते. फवारणीच्या ड्रोनसाठी ते दहा भरलेल्या टाक्यांइतके ओझे आहे.

दुसरा आणि कळीचा मुद्दा ‘परत येतो’ हा. ज्या क्षेपणास्त्राचा पल्ला चार-पाच किलोमीटर, ते वाहणाऱ्याला शत्रूच्या तितकेच जवळ जावे लागते, आणि तेथे तो शत्रूच्या तोफांच्या व खांद्यावरील क्षेपणास्त्रांच्या टप्प्यात येतो. डिसेंबर २००२ मध्ये इराकच्या आकाशात अमेरिकेच्या प्रिडेटर ड्रोनने इराकच्या मिग-२५ लढाऊ विमानावर स्टिंगर डागले. ते चुकले आणि मिगने ड्रोन पाडला. मार्च-एप्रिल २०२५ मध्ये तर येमेनच्या आकाशात सहा आठवड्यांच्या आत अमेरिकेचे सात एमक्यू-९ ड्रोन पाडले गेले, आणि त्यांतील प्रत्येकाची किंमत सुमारे तीन कोटी डॉलर होती. ड्रोन किती फेऱ्यांनंतर पडतो यावरच एका फेरीचा खर्च ठरतो, आणि मजकुरातील हिशेबात तो एकदाही पडत नाही.

‘भारतात याचा विचारच होत नाही’ हे मजकुरातील म्हणणेही खरे नाही. डीआरडीओने जुलै २०२५ मध्ये कर्नूल येथे ड्रोनवरून सोडायच्या क्षेपणास्त्राची चाचणी घेतली आहे.

राहिला गनिमी कावा. १६५९ मध्ये महाराज अफझलखानाच्या छावणीवर चालून गेले नाहीत. त्यांनी खानाला जावळीच्या रानात, प्रतापगडाच्या पायथ्याशी येणे भाग पाडले. तोच न्याय येथे लावला, तर कमी पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांचे ड्रोन आपल्याच हद्दीत, आत शिरलेल्या आत्मघाती ड्रोनच्या मागावर ठेवावे लागतील, कारण तेथे शत्रूच्या तोफा नसतात आणि जवळ जाण्याची किंमत मोजावी लागत नाही. मात्र शाहेद-१३६ सारखा इराणी आत्मघाती ड्रोन ताशी सुमारे १८० किलोमीटरने जातो. त्याला गाठायला स्थिर पंखांचे वेगवान यंत्र लागते. आमच्या उसावर घिरट्या घालणारा ड्रोन त्याच्या मागे कितीही धावला तरी मागेच राहील.