"क्लब बंद करा, तो पैसा थेरपीत घाला" म्हणणाऱ्या मेसेजबद्दल

एक लांबलचक मेसेज फिरतोय. बौद्धिक अपंगत्व, ऑटिझम, डाऊन सिंड्रोम असलेल्यांचे डान्स ग्रुप, सहली, क्लब म्हणजे नुसता टाइमपास, तो पैसा थेरपीत घाला, अठरानंतर तसाही काही फरक पडत नाही, पोहायला-खेळायला नेणं धोक्याचं, आणि वर "यांचं मानसिक वय पाच वर्षांचं, यांना मैत्रीबित्री कळत नाही". माझ्या मावशीला तो दोन-तीन ग्रुपवरून आला आणि तिने खरंच मावसभावाचं शनिवारचं क्लबला जाणं बंद केलं. म्हणून लिहितोय.

आधी ते मानसिक वय. चाचणीत कुठले प्रश्न सुटले, कुठले नाही, यावरून काढलेला तो एक आकडा. माणूस किती वर्षं जगला, काय काय बघून बसलाय, कोणावर जीव आहे, यातलं काही त्यात येत नाही. निदान करतानासुद्धा नुसता बुद्ध्यांक बघत नाहीत, रोजची कामं आणि लोकांशी वागणं पण बघतात. माझा मावसभाऊ तिशीतला आहे, वाचता येत नाही, पण क्लबातला मित्र आजारी होता तेव्हा त्याची खुर्ची याने कोणाला घेऊ दिली नाही आणि घरी येऊन "त्याला फोन लाव" म्हणून आईच्या मागे लागला. मैत्री कळत नाही म्हणे! आणि एकदा का हे पाच वर्षांचं डोक्यात बसलं की तिशीतल्या माणसापुढे बडबडगीतं लावली जातात, कुठे जायचं, कोणासोबत जायचं हे त्याला कोणी विचारत नाही, शरीराबद्दल, नको त्या स्पर्शाला नाही म्हणण्याबद्दल कोणी त्याच्याशी मोठ्या माणसासारखं बोलत नाही. अख्ख्या मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य हेच.

थेरपी हवीच, पण "आता तुझी पाळी, आता त्याची" हे थेरपिस्टसमोर शिकून वापरायचं कुठे? बोचीसारख्या (आपला चेंडू एका छोट्या चेंडूच्या जास्तीत जास्त जवळ टाकायच्या) खेळात आपला चेंडू टाकायचा, मग थांबायचं, समोरच्याने आपला चेंडू उडवला तर राग गिळायचा. हे चार जणांत खेळल्याशिवाय येत नाही.

अठरानंतर उपयोग नाही हे तर साफ चूक. शाळा सुटते आणि दिवस रिकामा होतो तो नेमका तेव्हाच. १९६८ पासून चालू असलेल्या स्पेशल ऑलिम्पिक्समध्ये, म्हणजे बौद्धिक अपंगत्व असलेल्यांसाठीच्या खेळांच्या स्पर्धांमध्ये, आठव्या वर्षापासून स्पर्धेत उतरता येतं आणि वरची वयोमर्यादाच नाही. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग हक्क करारात कलम ३० आहे, त्यात करमणूक, विरंगुळा आणि खेळात इतरांच्या बरोबरीने भाग घेणं हा हक्क म्हणून लिहिलाय. थेरपी संपल्यावर वेळ उरला तर, अशी अट त्यात नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. काही ठिकाणी खरंच टीव्ही लावून सगळ्यांना ओळीत बसवतात, पाहुणे आले की फोटोपुरता नाच. अशी जागा सोडाच. धोक्याचा मुद्दाही अगदीच खोटा नाही, फिट्स येत असतील तर पाण्यात सतत एक जण लक्ष ठेवायला हवा, डाऊन सिंड्रोममध्ये मानेचे सांधे सैल असू शकतात म्हणून कोलांट्यांआधी डॉक्टरांना विचारायचं. पण ही काळजी घेऊन न्यायचं, घरात कोंडायचं नाही.

मावशीला सांगितलंय, जागा बघताना दोनच गोष्टी बघ: आज काय करायचं हे तिथे त्यांना विचारतात का, आणि "मला नको" म्हटलेलं चालतं का.