मिनिमम भरणारे आणि शहाणे

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर एका काकांनी टाकलं, "फेडायची ऐपत नाही तर क्रेडिट कार्ड घ्यावंच कशाला?" त्यावर पटापट अंगठे. तिथे बोललं की संध्याकाळी पार्किंगमध्ये गाठतात, म्हणून इथे लिहितोय.

माझ्या मावसभावाने कार्ड मागितलं नव्हतं. चाकणला कामाला होता, पगार ज्या बँकेत जमा व्हायचा तिथूनच रोज फोन, "लाइफटाइम फ्री आहे सर." शेवटी घेतलं. बिल नेहमी पूर्ण भरायचा. मग मावशी बाथरूममध्ये पडली, खुब्याचं हाड मोडलं. हॉस्पिटलला डिपॉझिट आधी हवं होतं, ऐंशी हजार कार्डावर गेले. आणि नेमकी त्याच सुमारास कंपनीने कंत्राटी माणसं कमी केली, त्यात हाही गेला. काका, यात चैन कुठे दिसली तुम्हाला?

बिलावर दोन आकडे असतात. एकूण ८०,०००, मिनिमम ४,०००. चार हजार भरले की लेट फी लागत नाही, पण व्याज लागतंच. उरलेल्या ७६,००० वर महिना साडेतीन टक्क्यांनी २,६६० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे पुढच्या महिन्याच्या चार हजारांतले तीन हजारांहून जास्त असेच जातात, मुद्दल हलतं आठ-नऊशेने. शिवाय बाकी राहिली की बिनव्याजी दिवस बंद, नवीन किराणा घेतला तरी त्या दिवसापासून मीटर चालू. हे सगळं स्टेटमेंटवर छापलेलं असतं, रिझर्व्ह बँकेचा तसा नियमच आहे. अक्षर तेवढं भिंगातून वाचायचं.

वर्षाला ४२ टक्के! गावच्या सावकाराच्या पठाणी व्याजाला आपण पिढ्यानपिढ्या शिव्या घातल्या, आणि हे ॲपमध्ये आलं तर त्याला फायनान्स म्हणायचं. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये ३० टक्क्यांवरचं व्याज अनुचित ठरवलं होतं. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. म्हणजे आता तीही आडकाठी नाही.

हो, कार्डावर आयफोन घेऊन मग रडणारेही आहेत. आणि बिनतारणाचं कर्ज महाग असणार, हेही मान्य. पुढे?

माझं डोकं फिरलं ते वेगळ्याच गोष्टीने. नोकरी गेली त्याच आठवड्यात भावाने बँकेला फोन केला होता. तोपर्यंत एकही बिल चुकलेलं नव्हतं. म्हणाला, "हप्ते बांधून द्या." उत्तर काय, तर "सर, तुम्ही मिनिमम भरत राहा, काही होत नाही." भरत राहिला. पीएफ काढला, वहिनीची चेन मोडली, शेवटी एक बिल चुकलं. परत फोन केला तर म्हणे, थकीत खात्याला हप्त्यांची सोय नाही. चांगला होता तेव्हा गरज नाही, गरज पडली तेव्हा पात्र नाही!

मग वसुलीवाले. मला रात्री पावणेनऊला फोन, "तुमचा भाऊ पळालाय का?" सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचा फोन करायचा नाही, नातेवाइकांना छळायचं नाही, असं रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्येच बजावलंय. मी तेवढं म्हटल्यावर त्याने फोन ठेवला. मावशीला कुठलं हे माहीत? ती त्या वसुलीच्या पोराला "बाळा, देईल रे तो" म्हणत बसायची. तोही बिचारा टार्गेटवरच जगत असणार म्हणा.

भाऊ त्या वर्षी गणपतीला आलाच नाही. पाय दुखतो म्हणाला. आम्हीही खरं मानलं.

शेवटी मार्ग निघाला तो लेखी मागण्याने. नोकरी गेल्याचं पत्र आणि हॉस्पिटलची बिलं जोडून मेल, महिन्याला किती झेपेल तो आकडा स्पष्ट लिहिलेला. तीस दिवसांत धड उत्तर नाही आलं म्हणून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार, तिला एक पैसा लागत नाही. त्यानंतर बँकेला अचानक व्याज कमी करून दोन वर्षांचे हप्ते देता आले. आधी काय झालं होतं?

कोणी अडकलं असेल तर बिल चुकायच्या आधीच लिहा, फोनवर विसंबू नका. "अर्ध्यात सेटल करतो" म्हणणाऱ्या एजंटला बँकेचं पत्र हातात येईपर्यंत रुपया देऊ नका, त्याच्या स्वतःच्या यूपीआयवर तर नाहीच. आणि सेटलमेंट केली तर सिबिलवर, म्हणजे आपल्या कर्जफेडीच्या नोंदीत, खातं "सेटल्ड" दिसतं, "क्लोज्ड" नाही. पुढे घराचं कर्ज मागायला गेलात की ते नडतं.

त्या मेलचा मसुदा माझ्याकडे आहे, मराठीत आणि इंग्रजीत. इनबॉक्समध्ये मागा. कोणासाठी हवाय, ते विचारणार नाही.