‘मारणारा कायदा पाळतो का?’

प्रत्येक सामूहिक गोळीबारानंतर तोच मजकूर फिरू लागतो : "बंदुकीचे कायदे सज्जन माणसंच पाळतात. ज्याला मारायचंच आहे, तो कुठूनही बंदूक मिळवेल. नाही मिळाली तर सुरी घेईल. त्यापेक्षा सज्जनांच्या हाती बंदुका द्या." ऐकताक्षणी पटतं, म्हणूनच त्यातलं एकेक वाक्य तपासायला हवं.

खुनी कायदा पाळत नाही, हे खरं. पण त्याला बंदूक विकणारा दुकानदार पाळतो, आणि सगळी मेख तिथेच आहे. टेक्सासमधल्या युव्हाल्डीत 24 मे 2022 रोजी 19 मुलं आणि 2 शिक्षिकांचा जीव घेणाऱ्याने अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर काही दिवसांतच दोन रायफली रीतसर विकत घेतल्या होत्या. लास व्हेगासमध्ये 2017 साली हॉटेलच्या खिडकीतून सुमारे दहा मिनिटांत हजाराहून अधिक गोळ्या झाडणाऱ्याच्या बंदुकाही कायदेशीर खरेदीच्याच. अमेरिकी न्याय खात्याच्या अर्थसाहाय्याने झालेल्या एका अभ्यासात 1966 ते 2019 मधल्या अशा मारेकऱ्यांपैकी 77 टक्के लोकांनी निदान काही बंदुका कायदेशीर मार्गाने घेतल्याचं आढळलं. ‘कुठूनही मिळवेल’ म्हणे! त्यांना कुठे शोधत फिरावंच लागलं नाही.

सुरीचं उत्तर एका तारखेत आहे : 14 डिसेंबर 2012. त्या दिवशी चीनच्या हेनान प्रांतात एक जण सुरी घेऊन शाळेत घुसला. 23 मुलं आणि एक वृद्धा जखमी झाली. त्याच दिवशी अमेरिकेतल्या सँडी हूक शाळेत एक जण अर्धस्वयंचलित रायफल घेऊन शिरला आणि 20 मुलं, 6 मोठी माणसं मारली गेली. हेनानमधलं एकही मूल दगावलं नाही. सुरीनेही माणसं मरतात, हे मी नाकारत नाही. पण सुरीवाल्याला प्रत्येकाजवळ जावं लागतं, तेवढ्यात मुलं पळतात, कोणी तरी त्याचा हात धरतं. त्या एका दिवसाच्या या दोन बातम्या शेजारी-शेजारी वाचल्या तेव्हा मला बराच वेळ पुढे वाचवेना.

सशस्त्र सज्जनांबद्दल एवढंच : युव्हाल्डीत 376 पोलीस आले होते. मारेकऱ्यापर्यंत पोहोचायला 77 मिनिटं लागली.

राहिला प्रश्न, कायद्याने कुठे फरक पडला का? एप्रिल 1996 मध्ये टास्मानियातल्या पोर्ट आर्थर इथे 35 जण मारले गेले. दोन आठवड्यांच्या आत ऑस्ट्रेलियातली राज्यं एका करारावर आली : अर्धस्वयंचलित रायफलींवर बंदी, बंदूक हवी तर ठोस कारण (स्वसंरक्षण हे कारण चालत नाही), 28 दिवसांची प्रतीक्षा. सरकारने साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका विकत घेऊन नष्ट केल्या. आधीच्या 18 वर्षांत पाच किंवा अधिक बळी गेलेले 13 गोळीबार झाले होते. पुढची 22 वर्षं एकही नाही.

"मग बोंडाय?" हा प्रश्न रास्त आहे, तो टाळून चालणार नाही. डिसेंबर 2025 मध्ये सिडनीच्या बोंडाय किनाऱ्यावर 15 जण मारले गेले, आणि दोन हल्लेखोरांपैकी एकाकडे परवाना होता, नावावर सहा बंदुका होत्या. कायदा मोडून आणलेल्या नव्हेत, कायद्याने दिलेल्या. ‘कायदा कुचकामी’ असं म्हणणाऱ्यांना हे उदाहरण साथ देत नाही. ते विचारतं की शहरात राहणाऱ्या एका माणसाला सहा बंदुका कशासाठी मिळाल्या.