खुलासा : टाटाची नवी सफारी फोर बाय फोर नाही

‘सात जण, भरपूर सामान आणि फोर बाय फोर, सगळं हवं असेल तर सफारी घ्या, मोडचा गोल नॉब दिलेलाच आहे’ असा मेसेज ग्रुपांवर फिरतोय. तो चुकीचा आहे.

जुन्या सफारीत फोर बाय फोरचा, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद देण्याचा पर्याय होता, गोंधळ बहुधा तिथूनच आला. २०२१ साली आलेल्या डिझेल सफारीत इंजिनाची ताकद फक्त पुढच्या चाकांना मिळते. नॉबवरचे नॉर्मल, रफ आणि वेट हे मोड घसरणाऱ्या चाकाला आवरतात, मागच्या चाकांना ताकद देत नाहीत. खात्री करायची तर शोरूममध्ये वाकून मागच्या चाकांमध्ये बघा. तिथे डिफरन्शिअलचा (दोन चाकांत ताकद वाटणारा) गोळाही नाही आणि पुढून ताकद आणणारा दांडा, म्हणजे प्रोपेलर शाफ्टही नाही. हायवेला गाडी झकास आहे, वाद त्याचा नाहीच.

दुसरी गफलत ऑल व्हील ड्राइव्हची. त्यातही ताकद चारही चाकांना जाते, म्हणून लोक त्यालाच फोर बाय फोर समजतात. महिंद्राच्या एक्सयूव्ही ७००च्या काही प्रकारांत ते आहे, पण लो रेंज गिअर (वेग कमी करून जोर वाढवणारा) नाही. पावसाळी घाटात चालेल. दगडगोट्यांच्या खड्या चढावर सावकाश, जोर लावून चढायला लो रेंजच लागतो. तो स्कॉर्पिओ-एनच्या फोर बाय फोर डिझेलमध्ये आहे, फॉर्च्युनरच्या फोर बाय फोरमध्येही आहे (बजेट असेल तर!). थार रॉक्सच्या फोर बाय फोरमध्येही मिळतो, पण ती पाचच जणांची.

आणि सातही जण बसले की स्कॉर्पिओ-एनच्या डिकीत जेमतेम दोन-तीन सॅक मावतात. तंबू टपावर.